बाबा होण्याआधीच्या काळज्या कशा हाताळाव्यात

बायकोला दिवस गेले की घरातल्या बायका लगेच कामाला लागतात. नवऱ्याला मात्र कोणी काही सांगत नाही. विचारलंच तर ‘तुला काय करायचंय, डॉक्टर बघतील’ म्हणून गप्प करतात. मग रात्री डोळे टक्क उघडे: पैसे पुरतील का, ऐनवेळी गाडी मिळेल का, तिला काही झालं तर? यातल्या बऱ्याच काळज्यांवर आधीच काहीतरी करून ठेवता येतं.

१. तपासणीला आत जा. बाहेर बाकड्यावर मोबाइल चाळत बसू नका. प्रश्न घरूनच लिहून न्या. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तुमचाही विचारतील, तो माहीत हवा. तुमचा पॉझिटिव्ह निघाला तर साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन (तिच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून) देतात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. शरीरसंबंधांबद्दल विचारायला लाजू नका. गुंतागुंत नसेल तर सहसा हरकत नसते. रक्तस्राव होत असेल किंवा वार (प्लासेंटा) खाली असेल तर डॉक्टर नको म्हणतात. मुलगा की मुलगी, हे तेवढं विचारू नका. तो १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.

२. ताटातलं बघा. लोहाची गोळी चहासोबत नको, अंगी लागत नाही. मासळी बंद करायची गरज नाही. बांगडे, तारले खुशाल खाऊ द्या, नीट शिजवून. मोरीचं (शार्क माशाचं) आंबटतीक मात्र या महिन्यांत नको, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो. आणि सिगरेट तुमची असली तरी धूर तिच्यापर्यंत जातो.

३. वाट आधी पालथी घाला. सातवा महिना लागला की हे कराच. नाव कुठे घातलंय, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, मडगावच्या की बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), त्यानुसार एकदा संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नेऊन बघा. काणकोणहून मडगावला यायचं तर करमल घाट आहे, पावसाळ्यात वेळ धरूनच निघावं लागतं. दिवाडी बेटावर राहत असाल तर रात्री फेरीबोट कधीपर्यंत चालते ते धक्क्यावर जाऊन विचारा आणि दिवस भरत आले की तिला अलीकडे नातेवाइकांकडे आणून ठेवा. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर हाच सराव तिच्या माहेरच्या गावातून करा. जिथे जाणार त्या इस्पितळात रात्री कुठल्या दारातून आत घेतात, प्रसूतिकक्षात सोबत कोणाला राहू देतात हेही विचारून या. अनेक ठिकाणी बाईमाणूसच लागतं. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. फाइल, आधार कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट एकाच पिशवीत, आणि ती पिशवी दाराजवळ.

४. कधी निघायचं ते ठरलेलं असू द्या. रक्त जाणं, पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. ‘गॅस झाला असेल’ म्हणणाऱ्या मावशींचा मान ठेवा, पण गाडी काढा. दिवस पुरे भरल्यावर पाच-पाच मिनिटांनी मिनिटभराच्या कळा तासभर येत राहिल्या तर निघायची वेळ झाली. इस्पितळ लांब असेल तर त्याआधीच निघा.

५. पैसा आणि रजा. सिझेरियन होईल असं धरूनच हिशेब करा. खाजगी नोकरीत बापासाठी रजेचा कायदा नाही, तेव्हा साहेबांशी आत्ताच बोला. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येतात. ती रजा बाळंतपणाच्या दिवशीच संपवू नका. पाहुणे पांगल्यावर रात्रीच्या जागरणाला माणूस लागतो.

६. स्वतःचंही बघा. चिडचिड, झोप नाही, कशातच मन नाही, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा. बापांनाही नैराश्य येतं. तिच्यापासून लपवत बसू नका, तिला कळतंच.

७. बाळ आलं की २१ दिवसांत जन्मनोंदणी. इस्पितळातून माहिती पाठवली का, ते विचारून घ्या आणि दाखल्यासाठी पंचायतीत किंवा पालिकेत जा. बारसं व्हायचं असलं तरी अडत नाही, नाव मागाहून घालता येतं.