कमी उंचीच्या माणसाने डाऊन स्लीपिंग बॅग घेताना

डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला निघालेल्या साताऱ्यातल्या कमी उंचीच्या मंडळींसाठी, त्यातही बायकांसाठी, हे लिहितेय. डाऊन बॅग म्हणजे आत बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं भरलेली झोपायची पिशवी. माझी उंची १५० सेंटिमीटर. हिमालयातल्या पहिल्या ट्रेकला भाड्याची जी बॅग वाट्याला आली ती सहा फुटी माणसाची होती. पायाखाली हातभर पोकळी. अंगात दोन स्वेटर असूनही पहाटे तीनला मी उठून पायाची बोटं चोळत बसले होते. बॅग स्वतः ऊब तयार करत नाही, आपल्या अंगाची ऊब फक्त धरून ठेवते. आतली रिकामी हवा जितकी जास्त, तितकं अंगाला तापवण्याचं काम जास्त.

म्हणून किंमत आणि रंग बघण्याआधी शिंप्याची टेप हातात घ्या. बॅगेवर किती उंचीच्या माणसापर्यंत चालेल तो आकडा असतो. रेग्युलर बहुधा १८३ सेंटिमीटरची, तर शॉर्ट किंवा बायकांची बॅग १६५ ते १७०च्या आसपास. आपल्या उंचीपेक्षा हा आकडा १०-१५ सेंटिमीटर जास्त असावा, त्याहून फार नको. अगदी उंचीएवढीही घेऊ नका. बोटं टोकाला टेकली की तिथली पिसं दबतात आणि नेमके पायच गारठतात. मग जॅकेट घालून खांद्यांचा घेर मोजा. फार घट्ट बॅगेत कूस बदलताना आतून पिसं चेपतात. लहान मुलांची बॅग लांबीला बसते म्हणून घ्यायचा मोह होतो, पण ती खांद्यात अरुंद असते आणि बॅगेला तापमानाचे आकडे देण्याचं मानक मुलांच्या बॅगांना लागूच नाही.

तापमानाचे आकडे नीट वाचा, कारण फसगत इथेच होते. आयएसओ २३५३७ या मानकात ‘कम्फर्ट’, म्हणजे किती थंडीपर्यंत आरामात झोप लागेल, हा आकडा १६० सेंटिमीटर उंच, ६० किलो वजनाच्या बाईला धरून काढतात आणि ‘लिमिट’, म्हणजे अंग आखडून कशीबशी झोप लागेल ती हद्द, १७३ सेंटिमीटर, ७३ किलोच्या पुरुषाला धरून. बॅगेवर मोठ्या अक्षरात अनेकदा लिमिटच छापलेला असतो. आपण बघायचा तो कम्फर्ट, आणि आपण त्या १६०च्याही खाली असलो तर आणखी चार-पाच अंश हाताशी ठेवायचे. रात्री उणे १० अपेक्षित असेल तर कम्फर्ट उणे १५ बघा. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोपेशी त्याचा संबंध नाही.

फिल पॉवर ८०० म्हणजे एक औंस पिसं फुलून ८०० घनइंच जागा व्यापतात. आकडा मोठा तितकी तेवढ्याच उबेची बॅग हलकी. पण आत पिसं किती ग्रॅम आहेत तेही विचारा, कारण ८००ची थोडी पिसं ६५०च्या भरपूर पिसांपेक्षा गार पडू शकतात. गळ्याभोवती जाड पट्टी, चेनच्या आतून पिसांची नळी आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी हवीच. अंगाखालची पिसं वजनाने चेपतात, जमिनीचा गारवा अडवते ती मॅट. तिच्यात काटकसर करू नका.

लांब बॅग घरात आधीच असेल तर टाकू नका. उरलेला भाग दुमडून खाली घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे कोरडे कपडे पायाशी कोंबा. ओले मोजे मात्र आत नकोत.

निघण्याआधी एक रात्र महाबळेश्वरला काढा. जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, एवढी थंडी चाचणीला चांगली. तिथेच कुडकुडलात तर ती बॅग केदारकंठ्याला न्यायची नाही.

आणि आपला पावसाळा. बॅग छोट्या पिशवीत दाबून कपाटात ठेवली तर सप्टेंबरपर्यंत पिसांचे गोळे होतात आणि कुबट वास बसतो. जुन्या सुती चादरीची मोठी पिशवी शिवून त्यात सैल ठेवा, उघडीप मिळाली की वाऱ्याला टाका. ट्रेकला सॅकमध्ये भरताना आधी जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा, भिजलेली पिसं ऊब धरत नाहीत. घडी घालू नका, पायाकडून मूठमूठ कोंबत जा. तंबूत पोचल्या पोचल्या बाहेर काढून झटका आणि चहा होईपर्यंत फुलू द्या.