एअरो क्लबवाल्यांनो, निदान या चुका तरी टाळा

स्वतः बांधून रिमोटवर उडवलेलं छोटं विमान पडलं की कॉलेजच्या एअरो क्लबमधली मुलं आधी वाऱ्याला शिव्या घालतात. मग सर्व्होला, म्हणजे पंख-शेपटाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरला, मग ज्याच्याकडून सर्व्हो आणला त्या दुकानदाराला. वाऱ्याचा दोष कधीच नसतो असं नाही. पण पुण्याच्या आसपासच्या ग्राउंडांवर मी जी विमानं मातीत घुसताना पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा निकाल आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीतच लागलेला होता. सगळ्या चुकांना इथे सारखी जागा मिळणार नाही. काहींची लायकी एका ओळीची आहे, आणि दोन अशा आहेत की बघून बघून वीट आलाय.

सीजी 'साधारण बरोबर' नसतो

सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, पंखाच्या पुढच्या कडेपासून कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या, 25 ते 30 टक्क्यांवर ठेवायचा हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असतं. पाठ असतं म्हणूनच कोणी मोजत नाही. दोन बोटांवर पंख तोलायचा, "दादा, ओके आहे" म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

एका टीमने तर तो व्यवस्थित मोजला होता, आणि तरी व्हायचं ते झालं. वजन उचलणारं विमान होतं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, कव्हरिंगवर एक सुरकुती नाही. सीजी मोजला तो खोलीत, टेबलावर, बॅटरी नाकात ठेवून. ग्राउंडवर आल्यावर कळलं की बॅटरीच्या वायरींमुळे नाकाचं झाकण नीट बसत नाहीये. सकाळचे सात वाजून गेलेले, वारा सुटायच्या आत उडवायचंय, पायलट म्हणून बोलावलेला सिनियर सारखा मोबाइलमध्ये वेळ बघतोय. कोणीतरी बॅटरी मागे पंखाखालच्या खणात सरकवली, वेल्क्रोने आवळली, झाकण टक्कन बसलं. सगळे खूश.

मी विचारलं, "सीजी परत बघितला का रे?"

"दादा, रात्रीच बघितलाय. बॅटरी तर तीच आहे ना."

यावर मी काही बोलायच्या आत थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, वर गेलेला होता.

आता हिशेब करा. 3 सेलची 2200 एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) साधारण 180 ग्रॅमची. विमान सगळं मिळून दीड किलोचं. बॅटरी मागे सरकली 15 सेंटीमीटर. 180 गुणिले 15 भागिले 1500, म्हणजे सीजी 1.8 सेंटीमीटर मागे गेला. कॉर्ड होती 22 सेंटीमीटरची, तेव्हा हे झाले आठ टक्के. रिपोर्टमध्ये या मुलांनी स्टॅटिक मार्जिन, म्हणजे विमान स्वतःहून स्थिर राहायला सीजीला मागे असलेली सवड, 10 टक्के दाखवलं होतं. उरलं दोन. कागदावरचं विमान आणि धावपट्टीवरचं विमान आता वेगळं होतं.

धाव झकास झाली. चाकं सुटली आणि नाक वर गेलं. पायलटने एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटाची पट्टी, खाली दाबला तर ते इतकं खाली आलं की लगेच परत ओढावं लागलं. असे दोन हेलकावे, तिसऱ्याला नाक सरळ आभाळाकडे, वेग संपला, डावा पंख खाली पडला. मोटर ती बसवलेल्या पुढच्या फळीसकट (फायरवॉल) मातीत रुतलेली मिळाली. आणि पहिलं वाक्य काय ऐकू आलं? "आज वारा फार होता ना दादा."

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. सीजी मी घरून निघताना बघत नाही, धावपट्टीच्या कडेला बघतो. बॅटरी, पेलोड (उचलायचं वजन), झाकण, प्रॉप (मोटरचा पंखा) सगळं लागलेलं असताना, आणि बोटांवर नाही. लाकडाच्या पट्टीवर दोन खुंट्या उभ्या करून केलेला स्टँड सोबत असतो, तो करायला अर्धा तास लागत नाही. बॅटरीच्या ट्रेवर मार्करने रेघ मारून ठेवतो. बॅटरी त्या रेघेला टेकली नाही तर विमान उडत नाही. पेलोडच्या प्लेटा बोल्टने आवळलेल्याच हव्यात. नुसत्या खणात ठेवलेल्या प्लेटा धाव घेताना मागे सरकतात, आणि मग हीच गोष्ट नव्याने घडते. रिकामं आणि भरलेलं, दोन्ही वेळा सीजी जवळपास तिथेच यायला हवा. येत नसेल तर पेलोडचा खण चुकीच्या जागी आहे. शंका असली की मी नाक किंचित जड ठेवतो, त्यासाठी पाच रुपयांची नाणी चिकटवण्यात मला कमीपणा वाटत नाही. नाक जड असलेलं विमान कंटाळवाणं उडतं, उतरताना एलिव्हेटर जास्त खातं, पण दुसऱ्या दिवशीही उडतं.

एस1223 चं वेड

नवीन टीम, नवीन डिझाइन, एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, कोणता? एस1223. विचारायचीसुद्धा गरज नसते. वजन उचलायचंय, आणि याचा कमाल लिफ्ट कोइफिशंट (पंख किती उचलतो त्याचा आकडा) 2 च्या वर दिसतो, मग घ्या हाच. मायकेल सेलिग यांनी तो कमी रेनॉल्ड्स नंबरला, म्हणजे छोट्या आणि हळू विमानांना, भरपूर लिफ्ट मिळावी म्हणूनच काढला, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद आहे तो तुमच्या हातांशी.

आकार नीट बघा. जाडी कॉर्डच्या 12 टक्के, कँबर (पंखाचा बाक) 8 टक्के, आणि मागची कड कागदासारखी बारीक होत खाली वाकलेली. त्याच्या शेजारी क्लार्क वाय ठेवा. 1922 सालचा, जाडी जवळपास तेवढीच, कँबर साडेतीन टक्क्यांच्या आत, आणि खालची बाजू मागच्या बहुतेक भागात सपाट. त्या सपाटपणामुळे रिबा, म्हणजे पंखाच्या बरगड्या, टेबलावर टेकवून पंख बांधता येतो आणि तो आपोआप सरळ होतो. एस1223 ला टेबलाचा उपयोग नाही, रिबा जागेवर धरणारा साचा, म्हणजे जिग, लागते. जिग करायला वेळ कोणाकडे असतो? मग रिबा अंदाजाने उभ्या राहतात, कव्हरिंगवर इस्त्री फिरते, फिल्म आकसते आणि ती बारीक मागची कड ओढून लाटांसारखी करते. आता हवेत जातो तो एस1223 नसतोच. तो तुमच्या टीमचा खास एअरफॉइल असतो, त्याचा डेटा जगात कुठे नाही.

शिवाय या एअरफॉइलला नाक खाली ढकलायची जबर खोड आहे. ती आवरायला शेपटाने खाली दाबावं लागतं, त्यात कमावलेल्या लिफ्टचा हिस्सा जातो, आणि शेपूट मोठं केलं की वजनही वाढतं. हे एक्सएफएलआर5 या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, पण बघतं कोण? स्लाइडवर येतो तो एल बाय डी (लिफ्ट भागिले ड्रॅग) 20 चा आकडा. तो आकडा गुळगुळीत पंखाचा असतो. त्यात चाकं नाहीत, बॉडी नाही, बाहेर लोंबणाऱ्या वायरी नाहीत. परीक्षकांना हे कळत नाही असं मुलांना मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षी क्लार्क वाय. डावा आणि उजवा पंख सारख्या वजनाचे आणि पीळ नसलेले बांधता यायला लागले की मग खुशाल एस1223 घ्या, मीही टाळ्या वाजवीन. पीळ बघायला यंत्र लागत नाही: विमानाच्या मागे पाच-सहा पावलं जा, एक डोळा मिटा, दोन्ही पंखांच्या मागच्या कडा एकसारख्या दिसतात का बघा. पीळ असेल तर पंख उलट्या दिशेने किंचित पिळून धरा आणि फिल्मवर पुन्हा इस्त्री फिरवा. पावसाळ्यात हे पुनःपुन्हा करावं लागतं, कारण बाल्सा दमट हवा पितो.

एकेका ओळीच्या

थर्माकोलला फेव्हिक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतो; पांढरा फेव्हिकॉल लावा आणि रात्रभर थांबा. थांबवत नसेल तर कॅरम खेळा.

प्रॉपवरचे आकडे पुढच्या दिशेला. उलटा बसवलेला प्रॉपही हवा मागेच ढकलतो, पण निम्म्या जिवाने, आणि सगळे मोटरला नावं ठेवतात.

टेबलावर ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, प्रोग्राम करताना प्रॉप काढा. यावर चर्चा नको.

1400 केव्हीच्या (व्होल्टमागे मिनिटाला 1400 फेरे) मोटरला 3 सेलवर दहा इंची प्रॉप लावून मोटर का तापते असं विचारू नका.

स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलिरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर. प्रत्येक उड्डाणाआधी, मोठ्याने बोलून, आणि विमानाच्या मागे उभं राहून. समोरून बघितलं की डोकं उलटं चालतं.

ग्राउंड ठरवण्याआधी सरकारचा एअरस्पेसचा नकाशा उघडून बघा. पुण्यात लोहगावचा विमानतळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, आणि "छोटंसंच तर आहे" हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

रिसीव्हरचा जीव 5 व्होल्टवर असतो

हवेत मध्येच विमान बधिर झालं आणि सेकंदभराने शुद्धीवर आलं, की मुलं म्हणतात सिग्नल गेला. रेंज टेस्टमध्ये काही सापडत नाही. सापडणार कसं, गडबड बहुतेक वेळा विजेची असते. स्वस्त 30 अँपिअरच्या ईएससीतला बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारा भाग, 5 व्होल्टला 2 अँपिअर देतो. एसजी90 सारखा छोटा सर्व्हो अडला की पाऊण अँपिअरच्या आसपास ओढतो. चार सर्व्हो एकदम जोरात कामाला लागले की व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर, म्हणजे विमानातला सिग्नल घेणारा भाग, रीस्टार्ट होतो, आणि तेवढ्या वेळात जमीन वर आलेली असते. मेटल गिअरचे मोठे सर्व्हो असतील तर वेगळा 5 अँपिअरचा यूबीईसी (सुटा बीईसी) लावा. काही शे रुपयांचं काम आहे. टीशर्टाला पैसे जमतात, याला जमत नाहीत.

फेलसेफही, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर आपोआप थांबण्याची सोय, तपासा. प्रॉप काढा, थ्रॉटल अर्ध्यावर न्या, ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. फिरत राहिली तर तुम्ही उडवायला निघालेली गोष्ट उद्या कोणाच्या तरी गच्चीत शिरणार आहे.

लिपो 4.2 व्होल्ट प्रति सेलच्या वर नाही, ठेवताना 3.8 च्या आसपास. फुगलेली बॅटरी "अजून चालते" म्हणून वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्यापासून लांब उभा राहतो. आणि रात्री चार्जिंगला लावून झोपणारा माणूस होस्टेलच्या मजल्यावर असेल तर आधी त्याला जागं करा.

सिनियर पास झाले, वही गेली

नवीन बॅचला उडवायची घाई, जुन्या बॅचला प्लेसमेंटची. मधल्या मध्ये मागच्या वर्षी थ्रस्ट किती मोजला होता, कुठली मोटर जळाली, हे कुणालाच ठाऊक नसतं. विमानाचं नाव 'मरुत्सखा' ठेवायचं का, शिवकर बापूजी तळपद्यांचं विमान 1895 साली चौपाटीवर खरंच उडालं होतं का, यावर रात्र काढायला मात्र सगळे तयार. मला त्या वादाची चीड नाही. नोंदवहीचा विषय काढला की तेच सगळे झोपेला येतात, याची आहे.

आयआयटी मुंबईच्या 'प्रथम' उपग्रहाचं काम 2007 मध्ये सुरू झालं आणि तो पीएसएलव्ही-सी35 मधून गेला 26 सप्टेंबर 2016 ला. पुण्याच्या सीओईपीचा एक किलोच्या आसपासचा 'स्वयम्' त्याच वर्षी 22 जूनला पीएसएलव्ही-सी34 मधून गेला, तोही वर्षानुवर्षांच्या कामानंतर. कुणाचंच कॉलेज नऊ वर्षं चालत नाही, निदान चालू नये. असं काम एका बॅचच्या डोक्यात मावत नाही, ते कागदावर उतरलेलंच लागतं. तुमच्या विमानासाठी एक वही पुरे: तारीख, वजन, सीजी, बॅटरी, प्रॉप, काय बिघडलं. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे वही नव्हे.

आणि पडलंच तर

तुकडे गोळा करायला धावू नका. आधी बॅटरी काढा. दबलेली लिपो थोड्या वेळानेही पेट घेते, म्हणून ती गाडीत टाकू नका, उघड्यावर लांब ठेवा. मग काहीही न हलवता फोटो: प्रत्येक सर्व्हो कुठल्या स्थितीत आहे, पुश-रॉड (सर्व्होपासून पट्टीपर्यंतची तार) निसटलाय का, बॅटरी कुठे सापडली. आदळताना ती पुढे फेकली जाते, तेव्हा ट्रेवरच्या वेल्क्रोकडे बघा, ती आधी कुठे होती ते तिथे कळतं. नंतर पायलटला विचारा, आणि तो बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसा. थ्रॉटल वाढवला की डावीकडे जात होतं? मोटर दोन अंश उजवीकडे वळवून बसवा. थ्रॉटलला नाक वर येत होतं? मोटर किंचित खाली झुकवा. मिनिटभराने मोटर बंद पडली? ईएससीला हात लावून बघा, गरम असेल तर त्याला हवा लागत नव्हती. गार असेल तर बॅटरीचे सेल एकेक करून मोजा. हे सगळं वहीत गेलं की मग चहा.