ध्येयवाक्यात 'गरीब व गरजू' नको

'ग्रामीण भागातील गरीब, गरजू व वंचित घटक' असं ध्येयवाक्य वाचून स्वयंसेवी संस्था नेमकी कोणासाठी आहे ते कळतच नाही. ते असं लिहा:

१. माणूस त्याच्या कामावरून किंवा अडचणीवरून ओळखा. कोरडवाहू कापूसवाले, वेचणीला जाणाऱ्या बाया, असं.

२. तालुका लिहा. विदर्भ म्हणजे 11 जिल्हे. धारणी-चिखलदरा म्हटलं की मेळघाटातली कोरकू गावं डोळ्यांपुढे येतात.

३. आता तुमच्या बैठकांचा हजेरीपट उघडा. वाक्यात 'शेतकरी' आणि सह्या-अंगठे सगळे बायांचे, तर वाक्य बदला. हजेरीपट खोटं बोलत नाही (निदान बोलू नये).

नमुना: 'झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडांवर, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी बायांसोबत आम्ही काम करतो.' (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती.) 'लाभार्थी' हा शब्द लागलाच नाही, बघा. हे पोडावर वाचून दाखवा. 'हे त आमचंच हाय' असं कोणी म्हटलं की झालं.

मात्र हे वाक्य संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांबाहेर जाऊ देऊ नका. उद्देश बदलायचे तर धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.