टेस्ट नापास, निकाल पास

आमच्या प्रोग्रामच्या टेस्ट रोज रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालतात. छोटी शेल स्क्रिप्ट (शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणजे अशा कमांडची फाइल), मीच लिहिलेली. आठवडाभर निकाल 'पास' येत होता. परवा सहज लॉग उघडला, तर शेवटच्या ओळीत ठसठशीत '3 फेल्ड'. मग पास म्हणतंय कोण?

लॉग फाइलमध्येही जावा आणि स्क्रीनवरही दिसावा म्हणून मी टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टचं आउटपुट पाइप लावून (एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला जोडून) 'टी' कमांडकडे दिलं होतं. शेल मात्र पाइपलाइनमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड (काम जमलं तर 0, नाहीतर दुसरा आकडा) धरतं. पायटेस्ट बिचारं 1 परत करत होतं, पण 'टी'नं आपलं लिहायचं काम चोख केलेलं, म्हणून 0. पुढची ओळ 'पास' छापून मोकळी. वर 'सेट -ई' (कमांड चुकली की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी ओळ) होतं की! पण तेही त्याच शेवटच्या कोडकडे बघतं.

उपाय एका ओळीचा: 'सेट -ओ पाइपफेल', म्हणजे पाइपलाइनमधली कुठलीही कमांड चुकली तर सगळी पाइपलाइन नापास. लावला, तर नवीनच रड: 'इल्लीगल ऑप्शन'. उबुंटू लिनक्सवर 'एसएच' या नावानं चालणारं शेल म्हणजे बॅश नव्हे, डॅश (ही दोन वेगळी शेल). 2006 पासून तसंच आहे. आमच्या सर्व्हरवरच्या डॅशला पाइपफेल ठाऊकच नाही. स्क्रिप्ट कोणत्या शेलनं चालवायची ते सांगणाऱ्या तिच्या पहिल्या ओळीत बॅश केलं आणि क्रॉनमध्ये स्क्रिप्टच्या नावाआधी लिहिलेलं 'एसएच'ही काढलं. ते राहिलं असतं तर पहिल्या ओळीला कुणी विचारलंच नसतं.

मग एक टेस्ट मुद्दाम मोडली, स्क्रिप्ट चालवली, एक्झिट कोड छापून पाहिला. 1! नापास झाल्याचा एवढा आनंद पहिल्यांदाच झाला.

त्या खऱ्या तीन टेस्ट दुरुस्त करायच्या आहेतच अजून.