टॅब्लेटवरची रेघ थरथरते? आधी मनगट मोकळं करा

नवीन पेन टॅब्लेटवर (पेनने चित्र काढायची, संगणकाला जोडलेली पाटी) पहिली लांब रेघ ओढली की ती वेडीवाकडी येते. मग कुणीतरी सांगतं, ‘स्टॅबिलायझर (रेघेची थरथर आपोआप गुळगुळीत करणारी सेटिंग) शंभरवर ने’, नाहीतर ‘जरा महागातला टॅब्लेट घे’. हे दोन्ही सल्ले ऐकून मी जवळजवळ दोन वर्षं वाया घालवली. नाशकात लग्नपत्रिका, साड्यांचे काठ, दुकानांचे फलक यांची रेषाचित्रं करताना कळलं, की बहुतेक थरथर हाताच्या चुकीच्या सांध्यातून येते. उरलेली चुकीच्या सेटिंगमधून. सेटिंगचं काम दहा मिनिटांचं आहे, ते आधी उरकू.

ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेटच्या सॉफ्टवेअरमध्ये, टॅब्लेट एकाच मॉनिटरला जोडा आणि रुंदी-उंचीचं प्रमाण राखण्याचा पर्याय चालू करा. बरेच टॅब्लेट 16:10 प्रमाणाचे असतात आणि पडदे 16:9 चे. प्रमाण राखलं नाही तर हाताने गोल काढलेलं वर्तुळ पडद्यावर आडवं ताणलं जातं, आणि हात बिचारा प्रत्येक वळणावर ती चूक सुधारत बसतो. विंडोज वापरत असाल तर पेन टेकवून धरल्यावर होणारं राइट क्लिक बंद करा. ते चालू असेल तर सुरुवातीला लहानसं कडं उमटतं आणि रेघ उशिरा सुरू होते. कॅनव्हास मोठा घ्या: ए-फोर कागदासाठी 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 2480 × 3508 पिक्सेल.

टॅब्लेट पडद्याच्या बरोबर समोर हवा. कीबोर्ड मध्ये आणि टॅब्लेट उजवीकडे कोपऱ्यात, ही मांडणी मला अजिबात पटत नाही. खांदा पिळवटतो आणि टॅब्लेट नकळत तिरका राहतो. डोळे मिटून एक आडवी रेघ ओढा. ती एका बाजूला चढत असेल तर टॅब्लेट तेवढा फिरवा. कीबोर्ड डावीकडे सरकवा.

आकाराबद्दलही सांगते, कारण इथे फसवणूक होते. लहान टॅब्लेटची कामाची जागा साधारण 15 सेंटिमीटर रुंद असते आणि 24 इंची मॉनिटरचा पडदा सुमारे 53 सेंटिमीटर. म्हणजे हात 1 सेंटिमीटर हलला की कर्सर साडेतीन सेंटिमीटर धावतो, आणि हाताची कंपनंही त्याच पटीत मोठी होतात. साधारण 22 सेंटिमीटर रुंदीच्या मध्यम टॅब्लेटवर हीच पट अडीचच्या आत येते. मोठा मॉनिटर असेल तर मध्यम आकार घ्या. त्याहून मोठ्याची गरज नाही.

आता खरी अडचण.

एका साडीच्या दुकानासाठी मी पैठणीतला मोर काढला होता. पडद्यावर छान दिसत होता. दहा फुटी फ्लेक्सवर गेला तेव्हा मानेच्या वळणावर जागोजागी खाचा दिसल्या. कारण मी 400 टक्के झूम करून, मनगट टेबलावर रोवून, ती मान इंच-इंच जोडत काढली होती. प्रत्येक जोडावर एक खाच. तो फलक महिनाभर तिथे होता आणि त्या रस्त्याने जाताना दरवेळी माझी नजर मानेवरच जायची.

मनगट हा आखूड सांधा आहे. त्याच्यातून दोन-तीन सेंटिमीटरची कमान बरी येते, त्यापुढे ते वळतं आणि रेघेला टोक फुटतं. बारीक कामाला मनगट, मध्यम वळणाला कोपर, लांब रेघेला खांदा, असा हिशोब ठेवा. खांद्यातून ओढताना तळहात टॅब्लेटवर दाबायचा नाही. फक्त करंगळीची कड घासत गेली तर चालते. पहिले आठ-दहा दिवस रेघ आणखी बिघडेल. माझीही बिघडली, आणि मी घाबरून परत मनगटावर गेले. तुम्ही जाऊ नका. रोज पंधरा मिनिटं फक्त लांब रेघा आणि मोठे लंबगोल काढा, चित्र काढू नका.

दुसरी गोष्ट वेग. हे मला शिकवलं माझ्या आत्याने, आणि तिने टॅब्लेट कधी हातात घेतलेला नाही. पाडव्याच्या आधी पंचवटीतल्या घरासमोर ती रांगोळी काढायची. मी मदतीला बसले की म्हणायची, ‘‘अगं, हात थांबवू नकोस. थांबलीस की तिथे ढीग पडतो.’’ टॅब्लेटवर ढीग पडत नाही, पण गाठ पडते. सावकाश ओढलेल्या रेघेत हाताचं प्रत्येक कंपन नोंदलं जातं. झपकन ओढलेली रेघ एका दमात जाते आणि कंपनाला जागाच मिळत नाही. ‘हळूहळू, नीट काढ’ हा शाळेतला सल्ला इथे उलटा पडतो.

काही टॅब्लेट तर सावकाश तिरक्या रेघेत स्वतःच लाटा घालतात. शंका असेल तर टॅब्लेटवर पट्टी ठेवून, स्टॅबिलायझर बंद करून, अगदी हळू तिरकी रेघ ओढा. पट्टीला टेकूनही ती लाटांसारखी आली तर दोष उपकरणाचा. सरळ आली तर हाताकडे वळा.

रेघ ओढण्याआधी ती हवेत फिरवून बघा. पेन सेंटिमीटरभर वर असलं तरी कर्सर हलतो, ही सोय फार थोडे लोक वापरतात. दोन-तीनदा वरूनच वळण घ्या, मग हात न थांबवता पेन टेकवा. डोळे पेनच्या टोकावर नकोत, रेघ जिथे संपायची आहे त्या जागेवर हवेत. बिघडली तर कंट्रोल-झेड आणि पुन्हा. मी एका रेघेला आठ-आठ वेळा मागे जाते. खाचा बुजवत बसण्यापेक्षा ते कितीतरी लवकर होतं.

सरावाला मी नाशकातल्या नारोशंकराच्या मंदिरावरची घंटा सुचवते. बाहेर फुगणारा खांदा, मग ओठाकडे उलटं वळण, दोन्ही बाजू सारख्या. उजव्या हाताला डावीकडे वर फुगणारी कमान सहज येते, त्यामुळे घंटेची डावी बाजू पटकन जमते आणि उजवी बाजू रुसते. तिथे हात वाकडा करू नका, कॅनव्हास फिरवा. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 4 आणि 6 या कळा, फोटोशॉपमध्ये आर. वळण जिथे दिशा बदलतं तिथे सुरुवातीला एकाच दमाचा हट्ट धरू नका. हात चालू असतानाच पेन उचला, म्हणजे शेपटी निमुळती राहते, आणि पुढची रेघ त्या शेपटीवरून सुरू करा.

स्टॅबिलायझर याच्या नंतर. फोटोशॉपमध्ये 2017 च्या शेवटी स्मूदिंग, म्हणजे तिथला स्टॅबिलायझर, आलं. मी ते 10 ते 15 टक्क्यांवर ठेवते. क्रिटामध्ये रोजच्या कामाला ‘बेसिक’ पुरतं. खूप वाढवलं की रेघ पेनच्या मागे रेंगाळते, कोपरे गोल होतात, आणि हात काहीच शिकत नाही. फक्त मोराच्या मानेसारख्या एकट्या लांब वळणाला ते खुशाल वाढवा आणि काम झालं की खाली आणा.

प्रेशरचा वक्र, म्हणजे पेन किती दाबल्यावर रेघ किती जाड होते ते ठरवणारी सेटिंग, हलका करा. जोर देऊन जाड रेघ काढावी लागली की बोटं आवळतात, आणि आवळलेल्या बोटांतून खांद्याची सफाई खाली उतरत नाही.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तळहात टॅब्लेटला चिकटतो आणि रेघ मध्येच हिसका खाते. करंगळी आणि अनामिका झाकणारा सुती हातमोजा घाला. जुन्या हातमोज्याची बाकीची बोटं कापली तरी भागतं.

निब, म्हणजे पेनचं बदलता येणारं टोक, रोज बोटाने चाचपा. एका बाजूने घासून धारदार कड आली असेल तर लगेच बदला. ती कड टॅब्लेटवर ओरखडे पाडते, आणि मग नवीन निबही त्याच ओरखड्यांत अडकत राहते.