हॉबी लेझर कटरचा एक्झॉस्ट: पंख्याआधी हवेचा रस्ता ठरवा

नवीन लेझर कटर घेतलेल्यांचा एक्झॉस्टबद्दल, म्हणजे कापताना होणारा धूर बाहेर काढण्याबद्दल, पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "पंखा किती सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा ओढणारा) घेऊ?" मी उलट विचारतो. पाइप किती लांब जाणार, त्याला वळणं किती, आणि खोलीत बाहेरची हवा येणार कुठून? याची उत्तरं मिळाली की पंखा निवडायला वेळ लागत नाही. ती न शोधता घेतलेला पंखा आवाज भरपूर करतो, धूर मात्र झाकणाखाली घुटमळतो.

खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, म्हणजे पुढे पाइप नाही, मागे मशीन नाही. पाइप जोडला की तो घसरतो. किती घसरेल ते पंख्याच्या स्टॅटिक प्रेशरवर, म्हणजे अडथळ्याविरुद्ध हवा ढकलण्याच्या दाबावर, अवलंबून. खिडकीत बसवतात तो साध्या पात्यांचा पंखा इथे मार खातो. पाइपाच्या मध्येच बसणारा इनलाइन डक्ट फॅन किंवा ब्लोअर टिकाव धरतो. चांगल्या पंख्याच्या माहितीपत्रकात दाब आणि हवेचं प्रमाण यांचा आलेख असतो. तो नसेल तर तो पंखा मी यादीतून काढून टाकतो, जाहिरात कितीही छान असो.

आता हिशेब. बेड, म्हणजे कापायचं साहित्य ठेवायची जागा, ६० बाय ४० सेंमीचा धरू. झाकण बंद असताना फटींमधून हवा सतत आत खेचली जात असेल तर धूर बाहेर येत नाही, आणि त्याला फार हवा लागत नाही. खरी परीक्षा झाकण उघडल्यावर होते. उघडं तोंड ०.२४ चौरस मीटरचं. त्यातून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवा आत ओढायची तर तासाला सुमारे ४३० घनमीटर, म्हणजे २५० सीएफएम लागतात, तेही पाइप जोडलेला असताना. एवढा मोठा पंखा झेपत नसेल तर काम संपल्यावर तो चालूच ठेवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग झाकण उघडा. माझा कल थांबण्याकडेच आहे. आवाज कमी होतो, आणि झाकण घाईने उघडायची सवय तशीही वाईट. ज्वाळा दिसली तर गोष्ट वेगळी. म्हणूनच मशीन चालू असताना तिथून हलायचं नाही.

पाइपाच्या व्यासाकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात आणि तिथेच सर्वात जास्त गमावतात. तासाला ३०० घनमीटर हवा १०० मिमीच्या पाइपातून न्यायची तर तिला सेकंदाला साडेदहा मीटरहून जास्त वेगाने धावावं लागतं; १५० मिमीच्या पाइपात पाच मीटरच्याही आत भागतं. तेवढ्याच हवेला होणारं घर्षण साधारण सातव्या हिश्श्यावर येतं. मशीनचं तोंड १०० मिमीचं असलं तरी लगेच रिड्यूसर (दोन वेगळ्या व्यासांचे पाइप जोडणारा तुकडा) लावून पुढचा पाइप मोठा घ्यावा. घड्यांचा लवचीक पाइप पूर्ण ताणून, शक्य तितका आखूड वापरा. सरळ भागात गुळगुळीत पाइपच बरा.

पंखा बसवायचा तो बाहेरच्या टोकाला. मग खोलीतल्या सगळ्या पाइपात हवा ओढली जाते आणि एखादा सांधा सैल असला तरी खोलीतली हवा पाइपात शिरते. पंखा मशीनला चिकटवला तर तोच सांधा धूर खोलीत सोडतो. कित्येक स्वस्त मशीन पंखा मागे लावूनच येतात. तो काढून टाकायला मुळीच संकोच करू नका.

जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायलाच हवी. ३० घनमीटरच्या खोलीतून तासाला ३०० घनमीटर काढायचे म्हणजे तासात दहा वेळा हवा बदलायची. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर ते बंद बाटलीतून हवा शोषण्यासारखं आहे. त्यातून धोकाही आहे: जवळपास गॅसवर चालणारा गीझर असेल तर त्याचा धूर उलटा आत ओढला जाऊन कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. मशीनलाही हवा आत येण्याची जागा हवी, एक्झॉस्टच्या समोरच्या बाजूला, आणि क्षेत्रफळ निदान पाइपाएवढं. दोन्ही तोंडं शेजारी असतील तर हवा कोपऱ्यातूनच पळते, बेडवरचा धूर तसाच राहतो. उदबत्ती पेटवून फटींपाशी फिरवली की हे सगळं दिसतं.

एअर असिस्ट, म्हणजे लेझर कापतो त्या जागी पंपाने फुंकलेली हवा, हे वेगळं प्रकरण. मिनिटाला २० लिटर म्हणजे तासाला जेमतेम सव्वा घनमीटर. धूर बाहेर काढण्याशी त्याचा संबंध नाही. त्याचं काम नोझलपाशी ज्वाळा दाबणं, कापलेल्या फटीतला धूर हटवणं आणि लेन्स स्वच्छ ठेवणं. माशांच्या टाकीसारखा डायफ्रॅम पंप हवा भरपूर देतो पण दाब कमी, त्यामुळे बारीक नोझल लावलं की तो दमतो. छोटा कॉम्प्रेसर दाब देतो पण सलग चालवला तर तापतो. कॉम्प्रेसर घ्यायचा तर बिनतेलाचा, आणि मध्ये पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, नाहीतर तेल-पाण्याचे थेंब थेट लेन्सवर. लाकूड कापताना हवा जोरात, कोरताना लेन्स वाचेल एवढीच. ॲक्रिलिक कापताना हळू हवा दिली तर कड चकचकीत येते.

एक गोष्ट कुठलाच पंखा सोडवत नाही: चुकीचं साहित्य. पीव्हीसी, व्हिनाइल आणि बाजारात मिळणारं बरंचसं रेक्झिन जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं, जो फुप्फुसांना आणि मशीनच्या रेल्सना सारखाच खातो. शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून त्या प्लास्टिकला टेकवा आणि मोकळ्या हवेत पुन्हा ज्वाळेत धरा; ज्वाळा हिरवी झाली तर तो तुकडा मशीनबाहेरच. एबीएस प्लास्टिकच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं, तेही नको. एमडीएफ चालतं, पण त्याच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड येतं, म्हणून तिथे एक्झॉस्टची हयगय नको.

खिडकी नाहीच म्हणून फिल्टर लावायचा असेल तर समजून घ्या: हेपा फिल्टर बारीक कण अडवतो, वायू नाही. वायूंसाठी सक्रिय कोळसा लागतो आणि तो भरला की गुपचूप काम सोडतो. हेपाच्या आधी स्वस्त जाळीचा फिल्टर नसेल तर प्लायवुडच्या चिकट धुराने तो लवकर बुजतो. खर्च सतत चालू राहतो. भिंतीला भोक पाडणं शक्य असेल तर मी तेच सुचवीन, बाहेरच्या टोकाला उलटी हवा अडवणारी झडप लावून. मात्र ते टोक शेजाऱ्याच्या खिडकीखाली उघडत नाही ना, हे आधी पाहा.

पाइपात आणि पात्यांवर डांबरासारखा थर साचतो आणि तो पेट घेऊ शकतो. पंख्याचा आवाज बदलला किंवा थरथर वाढली की पात्यांकडे आधी बघा. मध्येमध्ये पाइप सोडून आत टॉर्च मारा. थर खरवडता येण्याइतका जाड दिसला तर साफ होईपर्यंत मशीन बंद.