दोन प्रदर्शनं, एक सिनेमा आणि त्यावरचं टिपण

प्रदर्शनं पाहायला ठाण्याहून किंवा वाशीहून दक्षिण मुंबईतल्या काळा घोड्याला जायचं तर शनिवार निवडा. रविवारी मेगाब्लॉकची धास्ती, सोमवारी एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, बंद. जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात, म्हणजे एक आठवडा चुकला की चित्रं गेलीच. अकराला जहांगीर उघडतं, तेव्हाच पोचा. सीएसएमटीहून हुतात्मा चौकातून चालत वीसेक मिनिटं लागतात. तिथून एनजीएमए हाकेच्या अंतरावर. दिवसाला दोन प्रदर्शनं पुरे. तिसऱ्यात डोळे थकतात आणि रात्री लिहिताना कुणाचा निळा कुणाच्या चित्रात होता हेच आठवत नाही.

सोबत खिशात मावेल एवढी वही आणि २बी पेन्सिल घ्या. पेन नको; चित्राजवळ शाईचा एक ठिपकाही महागात पडतो.

पहिली फेरी काहीही न वाचता मारा, दहा-पंधरा मिनिटं. भिंतीवरचं निवेदन आधी वाचलं की डोळे चित्रात तेच शोधत बसतात आणि लिहिताना त्यातलीच वाक्यं उतरतात. दुसऱ्या फेरीत तीनच चित्रं निवडा, प्रत्येकासमोर दहा मिनिटं थांबा. आधी सहा-सात फुटांवरून, मग जवळून, मग बाजूने. बाजूने पाहिलं की तैलरंगाचे जाड थर, सुरीचे फटकारे उठून दिसतात. जलरंगात पांढरा कुठून आला ते बघा: कागद कोरा सोडलाय की वरून अपारदर्शक पांढरा लावलाय? एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप, असेल तर चित्राभोवती कागदात दबलेली पत्र्याची कड शोधा. खाली पेन्सिलीने ३/१५ लिहिलेलं असेल तर ती पंधरा प्रतींपैकी तिसरी.

तिसऱ्या फेरीत शीर्षक, माध्यम, आकार आणि साल उतरवून घ्या. आकार हमखास राहून जातो. फोनच्या पडद्यावर नऊ इंचांचं चित्र आणि सहा फुटांचं चित्र सारखंच दिसतं. मग लिहिणारा नऊ इंचांच्या चित्राला ‘भव्य’ म्हणून मोकळा होतो. फोटो काढायचाच तर आधी परवानगी विचारा, आणि रंगांसाठी त्यावर विसंबू नका. दिव्यांच्या पिवळटपणाला फोन आपल्या मनाने दुरुस्त करतो, काचेत तर आपलंच प्रतिबिंब येतं.

टिपणात आधी दिसलेलं, मग वाटलेलं. समजा, ठाण्याच्या तलावपाळीचं जलरंगातलं चित्र आहे. ‘मनाला भिडणारं निसर्गचित्र’ यातून वाचकाला काहीच दिसत नाही. ‘पाणी एकाच ओल्या हाताने करड्या रंगात सोडलंय, होड्या मात्र रंग वाळल्यावर गडद काढल्यात, म्हणून त्या तरंगत नाहीत, चिकटवल्यासारख्या वाटतात’ हे वाचून तो स्वतः जाऊन पडताळून पाहू शकतो. मत चुकलं तरी निरीक्षण त्याच्या उपयोगी पडतं.

परतीच्या लोकलमध्ये, सीएसएमटीलाच जागा मिळाली तर, ठाण्यापर्यंतच्या तासाभरात कच्चं टिपण होऊन जातं. ते सिनेमाआधीच उरकायला हवं. अडीच तासांचा आवाज आणि हलती चित्रं डोक्यावर आली की सकाळचे स्थिर रंग पुसले जातात. म्हणून सिनेमा घराजवळच्या थिएटरात, संध्याकाळच्या शोला ठेवा.

अंधारात फोन काढू नका. मागच्या रांगेला त्रास होतो. वही मांडीवर, डाव्या अंगठ्याने ओळीची जागा धरायची आणि एका पानावर दोन-तीनच शब्द लिहायचे, नाहीतर ओळी एकमेकींवर चढतात. टिपायचं एवढंच: पहिली चौकट, लक्षात राहिलेला एक आवाज, आणि कॅमेरा अनपेक्षितपणे जिथे थांबून राहिला ती एक जागा. कथा लक्षात राहतेच, ती लिहू नका.

इथे एक अन्याय सर्रास होतो. परदेशी सिनेमात मध्यंतर बहुधा आपल्याकडे घातलेलं असतं, कधी ऐन प्रसंगात. त्याने लय तुटली तर तो दोष दिग्दर्शकाच्या माथी मारू नका. सेन्सॉरमुळे अचानक मूक झालेल्या शब्दाचंही तेच.

पक्कं टिपण चोवीस तासांत लिहा. प्रत्येक प्रदर्शनाला दीडशे शब्द, सिनेमाला दोनशे. कथानक मध्यंतरापुढे सांगू नका. चित्रकाराच्या नावाचं स्पेलिंग कॅटलॉगवरून ताडून घ्या आणि प्रदर्शन कोणत्या तारखेपर्यंत आहे ते अगदी वर, पहिल्या ओळीत द्या, म्हणजे वाचणाऱ्याला चित्रं उतरायच्या आत पोचता येईल.